धूळग्रहावरची संध्याकाळ

सोलापुरात चाटी गल्लीत जाऊन ‘गोदावरी मॅचिंग सेंटर’ कुठे म्हणून विचारलं, तर कुणीही बोट दाखवेल. साडीवर ब्लाउजपीस लावून द्यायचा, परकर, अस्तर, फॉल द्यायचा, एवढाच धंदा. पण तो ज्या थाटात चालतो तो थाट कमलाकर जोशीचा. बाई साडी घेऊन आली की हा आधी साडीकडे बघतच नाही. बाईला म्हणतो, “बाहेर या.” मग दोन-तीन तागे काखेत मारून दुकानाच्या पायरीवर, उन्हात येतो. ट्यूबच्या उजेडात रंग लावणं म्हणजे त्याच्या मते फसवणूक. पदरावर कापड ठेवतो, एक डोळा मिटतो आणि सांगतो, “हा. बाकीचे विसरा.” बाई विसरते. आपलं मॅचिंग आजवर कधी परत आलं नाही असं तो छातीवर हात ठेवून सांगतो, आणि जे परत येतं ते त्याची बायको गोदावरी त्याच्या नकळत बदलून देते.

जोश्यांच्या घरात सगळे मास्तर, नाहीतर कारकून. दुकान टाकणारा हा पहिलाच. माणूस हौशी, बोलका, कुणाच्याही लग्नाच्या बस्त्याला धावून जाणारा. खोड एकच, दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याला सोसत नाही. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेत शेजारच्या बाकावरच्या मुलाला वरची श्रेणी मिळाली तेव्हा याला खराखुरा ताप भरला होता. समोरच्या चनमल्लप्पाने दुकानात काचेची कपाटं बसवली तेव्हा आठवडाभर जेवण गेलं नाही. गोदावरी डॉक्टरांना सांगते, “यांना बीपी नाही, शुगर नाही, चनमल्लप्पा आहे.” पण मागच्या वर्षी याला चनमल्लप्पाचाही विसर पडावा असा एक माणूस भेटला.

त्याआधी ‘धूळग्रह’ सांगायला हवा. हा सिनेमा तुम्ही पाहिलेला नसणार. कुणा एका निर्मात्याने मराठीत परग्रहावरचा सिनेमा काढायचं मनावर घेतलं, सोलापूरच्या बाहेर, कुंभारीच्या बाजूच्या उघड्या माळावर तो ग्रह उभा केला आणि हात पोळून घरी गेला. गोष्ट साधी आहे. पृथ्वीवरचा एक शास्त्रज्ञ वाट चुकून धूळग्रहावर उतरतो, तिथली राणी त्याचं यान दुरुस्त करून देते, आणि तो निघून गेल्यावर टेकडीवर एकटी उरते. कमलाकर तेव्हा प्राथमिक शाळेत होता. टॉकीजचा डोअरकीपर ओळखीचा निघाल्यामुळे त्याने तो सिनेमा उतरेपर्यंत रोज पाहिला. मनात राहिला तो राणीचा झगा. डाळिंबी. उकललेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, आत उजेड असलेला. आपण कापडाच्या धंद्यात पडलो ते त्या झग्यामुळे, असं तो सांगतो. बँकेची परीक्षा पुन्हा पुन्हा नापास झाल्यामुळे पडलो, असं गोदावरी सांगते.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने तो सिनेमा साफसूफ करून ‘नव्या झळाळीत’ घरी बघायला डिस्कवर आणला. कमलाकरने मोठ्या उत्साहाने डिस्क मागवली, लावली आणि अर्ध्यातच बंद केली. सगळा सिनेमा हिरवट-निळा झाला होता. माणसं विहिरीच्या तळाशी बसून बोलत असल्यासारखी दिसत होती. आणि राणीचा झगा वांगी. डाळिंबीचा वांगी केलेला बघून त्याला जो राग आला तो एखाद्या गिऱ्हाइकाने त्याच्यावर चोरीचा आळ घेतला असता तरी आला नसता.

मग त्याला कळलं की आपल्यासारखी दुखावलेली माणसं आणखी आहेत. पुण्याच्या निवेदिता नावाच्या बाईंनी टेलिग्रामवर ‘धूळग्रहवासी’ म्हणून ग्रुप काढला होता. बाई बँकेत अधिकारी, आणि या सिनेमाच्या बाबतीत ठार वेड्या. ग्रुपवर चर्चा एकच, हे रंग पुन्हा जागेवर कोण आणणार. कमलाकरने लिहिलं, “मी आणतो. रंग हा माझा धंदा आहे.”

आणि खरंच बसला. दुपारी दोन ते चार चाटी गल्ली शटर अर्धं ओढून पेंगत असते. त्या वेळात तो पोटमाळ्यावर चढायचा. तिथं कॉम्प्युटर, टेबलफॅन आणि माठ. सिनेमाचा एकेक तुकडा घ्यायचा, त्यातला हिरवटपणा काढायचा, आणि मग झगा. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला त्याने रुबियाचा, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचा, डाळिंबी तुकडा चिकटवून ठेवला होता. तोच त्याचा देव. झगा त्या तुकड्याशी तंतोतंत जुळेपर्यंत तो पुढे सरकायचा नाही. राणी महालात असो, वादळात असो, टेकडीवर असो, झगा तसाच डाळिंबी. साडी एक तर रंग एक, हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं. ब्लाउज सकाळी एक रंगाचा आणि संध्याकाळी दुसऱ्या रंगाचा दिसायला लागला तर बाई दुकानात येऊन दंगा करेल, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याची प्रिंट ग्रुपवर आली तेव्हा धूळग्रहवासींनी त्याला डोक्यावर घेतलं. कुणी ‘रंगमहर्षी’ म्हटलं. कमलाकरने तो मेसेज गोदावरीला वाचून दाखवला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचून दाखवला. दुकानात येणाऱ्या बायकांनाही तो हळूच सांगायचा, “पुण्या-मुंबईचे लोक मला रंग विचारतात, बरं का.” दोन-तीन वर्षं त्याने त्या पदवीवर मजेत काढली.

मग ऋतुराज आला.

ऋतुराज कुर्डुवाडीचा. घरची थोडी शेती, स्टेशनजवळ ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान. वय तिशीच्या आतबाहेर. ग्रुपवर आला आणि पहिल्याच मेसेजमध्ये त्याने लिहिलं, “कमलाकर सरांची प्रिंट बघून बघून शिकलो. सर माझे गुरू हायत.” कमलाकरला हे आवडलं. न विचारता गुरू व्हायला कुणाला आवडत नाही. त्याने हात जोडलेलं चित्र टाकलं आणि विसरून गेला. महिन्याभराने ऋतुराजने लिहिलं की मीपण थोडा प्रयत्न केलाय, अख्खा सिनेमा केलाय, पण सध्या एक शेवटचा तुकडा टाकतो, चुकलं असंल तर सांगा.

तो तुकडा म्हणजे निरोपाचा प्रसंग. राणी टेकडीवर उभी आहे, यान निघून गेलंय. कमलाकरने तो पोटमाळ्यावर लावला. सुरुवातीला झगा डाळिंबी. मग ऊन उतरत गेलं तसा तो विटकरी झाला, मग काळपट, आणि राणी हळूहळू अंधारात मिसळत गेली. शेवटी पडद्यावर फक्त टेकडीची कड उरली आणि तिचा आवाज. कमलाकर बघत राहिला. त्याला एकदम आठवलं की टॉकीजमध्ये असंच होतं. याच जागी तो लहानपणी रोज रडायचा, कारण राणी दिसेनाशी व्हायची. त्याच्या स्वतःच्या प्रिंटमध्ये राणी शेवटपर्यंत लखलखीत दिसत होती, दिवाळीत दुकानाबाहेर उभ्या केलेल्या पुतळ्यासारखी.

हे त्याला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. आणि म्हणूनच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ऋतुराजचं काम वाईट असतं तर कमलाकरने त्याला चार गोष्टी शिकवल्या असत्या, पाठ थोपटली असती. ते चांगलं होतं, हाच त्याचा गुन्हा.

खाली ग्रुपवर उत्सव सुरू झाला होता. निवेदिताबाईंनी लिहिलं, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा धूळग्रहावर संध्याकाळ झालेली पाहिली.” त्याखाली हृदयांची रांग. कुणीतरी लिहिलं, “काकांच्या प्रिंटमध्ये कायम दुपारचे बारा वाजलेले असतात.” खाली हसरे चेहरे. ते हसणं साधंसुधं होतं, कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. पण त्या दिवशी कमलाकरकडे एका बाईने मोरपंखी मागितला तर त्याने रामा हिरवा दिला.

“काय झालंय तुम्हाला?” गोदावरीने विचारलं.

“कुठं काय. नवीन पोरं आलीत ग्रुपवर. फार शहाणी.”

“चांगलं करतायत का?”

“अंधार केलाय नुसता,” कमलाकर म्हणाला. “अंधार करायला काय लागतं? दिवा घालवला की झाला.”

त्यानंतर त्याला नाद लागला तो ऋतुराजच्या चुका काढण्याचा. तो तुकडा त्याने थांबवून थांबवून पाहिला. एका ठिकाणी राणीच्या हातात कंदिलासारखा दिवा आहे, तिथं झगा तपकिरी दिसतो, हे त्याने पकडलं आणि ग्रुपवर लिहिलं, “झगा तपकिरी कधीपासून झाला?” ऋतुराजने लगेच उत्तर दिलं, “सर, तिथं दिव्याचा उजेड शेंदरी हाय की. म्हणून तसं आलंय. पण तुमी म्हणताय तर पुन्ना बघतो.” इतक्या नम्रपणे बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं, याचाही कमलाकरला राग आला.

अशातच निवेदिताबाईंनी मोठी बातमी टाकली. सिनेमाच्या दिग्दर्शकांच्या मुलीने परवानगी दिली होती. ज्या गावात ग्रह उभा राहिला त्या सोलापुरातच, एका वाचनालयाच्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर ‘धूळग्रह’ दाखवायचा. प्रिंट ग्रुपने ठरवायची, आणि सुरुवातीला पडद्यावर नाव येणार. ‘रंगदुरुस्ती’ आणि त्यापुढे ज्याची प्रिंट त्याचं नाव.

कमलाकरच्या डोळ्यांपुढे ते नाव आलंच. आपल्या गावात, आपल्या गिऱ्हाइकांसमोर, आणि पहिल्या रांगेत चनमल्लप्पा. त्याला मुद्दाम बोलवायचं हे त्याने त्याच क्षणी ठरवलं. पण ग्रुपवर लोक लिहायला लागले होते, ऋतुराजची संध्याकाळ मोठ्या पडद्यावर बघायला मिळाली तर काय बहार येईल. ऋतुराजने आपली पूर्ण फाईल अजून कुणाला दिली नव्हती. शेवटचा हात फिरवतोय म्हणाला, आणि पुढच्या रविवारी निवेदिताबाईंकडे पाठवतो म्हणाला.

त्याच आठवड्यात तो चाटी गल्लीत हजर झाला.

दुपारची वेळ होती. हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम, उंच सडपातळ पोरगा. आधी पायरीखाली चपला काढल्या, मग आत आला. “सर, मी ऋतुराज. कुर्डुवाडीचा.” आणि वाकला. कमलाकरने नको नको म्हणेपर्यंत पाया पडून झालंसुद्धा. गोदावरीने पाणी दिलं, चहा टाकला. पोरगं तिला बघताक्षणी आवडलं, हेही कमलाकरच्या डोळ्यांत खुपलं.

“सृष्टीनं साडी दिलीया,” ऋतुराज म्हणाला. सृष्टी म्हणजे त्याची बायको. “म्हणली, सोलापूरला चाललाच हाय तर तुमच्या सरांकडूनच पीस लावून आणा. दुसरीकडं जाऊ नका.”

साडी विटकरी होती, बारीक काठाची. कमलाकरने सवयीने दोन-तीन तागे ओढले आणि पोराला घेऊन पायरीवर आला. बघू तरी याचा डोळा, असं त्याच्या मनात आलं. मेंदी रंगाचा एक तागा त्याने मुद्दाम मध्ये ठेवला, थट्टा म्हणून. “तूच सांग बघू. कुठला लागेल?”

ऋतुराजने तिन्ही तागे निरखले. बराच वेळ. मग मेंदी उचलला.

कमलाकरला वाटलं, हाही थट्टा करतोय. त्याने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड गंभीर होतं.

“हा?” कमलाकर म्हणाला.

ऋतुराजला कळलं. त्याने तागा खाली ठेवला आणि हसला, ओशाळं. “चुकलो न्हव का? सर, तुमच्यापासनं काय लपवायचं. मला रंग नीट दिसत न्हाईत. लाल आन् हिरव्यात घोटाळा हाय. जन्मापासनं. रेल्वेचा पेपर पास झालो होतो, मेडिकलला डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक म्होरं धरलं, म्हणला ह्यात आकडा वाच. मला आकडाच दिसंना. तिथंच उडालो.”

“मग सिनेमा कसा केलास?” कमलाकरचा आवाज त्याचा त्यालाच चोरटा वाटला.

“आकड्यांवर की. कॉम्प्युटरमधी आलेख दिसतोय, तांबडं किती, हिरवं किती, निळं किती. मी काय करतो, जे पांढरं असायला पायजे ते हुडकतो. डोळ्यातलं पांढरं, मिठाचा ढीग, राख. तितं तिन्ही सारखे आणले की बाकीचं आपसूक जागेवर येतंय. झगा बिगा मी हातच लावत न्हाय. लावू कसा, मला दिसतच न्हाय. मी आपला उजेड बघतो, किती हाय, कुठनं येतोय. तेवढं मला दिसतंय. शेवटाला सृष्टी बघून सांगती, माणसं माणसासारखी दिसत्यात का.” तो थांबला. “ग्रुपवर सांगू नका बरं का, सर. हसतील. तुमाला म्हणून सांगितलं.”

“छे छे,” कमलाकर म्हणाला. “माझ्यापाशीच राहील.”

त्याने विटकरीला अचूक पीस काढून दिला. खरंच अचूक. पोरगं स्टेशनकडे गेलं आणि कमलाकर गल्लीत ऊन बघत उभा राहिला. वर्षानुवर्षं ज्या डोळ्याचं त्याने कौतुक करून घेतलं होतं, त्या डोळ्याने संध्याकाळ घालवली होती, आणि ज्याला मेंदी आणि विटकरी कळत नाही त्याने ती परत आणली होती. आपण हरलो आणि तेही अशा माणसाकडून, हे त्याच्या नरड्याखाली उतरेना. पण त्याचबरोबर आत कुठेतरी गुदगुल्याही व्हायला लागल्या. आता त्याच्या हातात काहीतरी होतं.

गोदावरीने आतून सगळं ऐकलं होतं. “बिचाऱ्याने विश्वासाने सांगितलंय,” ती म्हणाली.

“मी कुठं कुणाला सांगतोय?”

“तुमचं तोंड बघून म्हणाले.”

शनिवारी दुपारी, गोदावरी भाजीला गेलेली बघून, त्याने पोटमाळ्यावरून निवेदिताबाईंना फोन लावला. आधी सभागृहाची चौकशी केली, खुर्च्या किती, पडदा केवढा. मग म्हणाला, “एक गोष्ट सांगायला नको वाटतंय, पण तुमच्या काळजीपोटी सांगतो. आपल्या दोघांतच ठेवा.”

आणि सांगितलं.

“काका, पण काम तर सुंदर आहे की,” निवेदिताबाई म्हणाल्या.

“सुंदर आहेच. मीच म्हणतो सुंदर आहे. पोरगा गुणी आहे. पण त्या दिवशी वर्तमानपत्रवाले येणार, दिग्दर्शकांची मुलगी येणार. कुणी विचारलं रंग कुणी दुरुस्त केले, तर काय सांगणार? ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याने? त्यांच्या वडिलांच्या सिनेमाची थट्टा होईल. आणि पोराचं चारचौघांत हसं होईल ते वेगळंच. मला त्याचं वाईट वाटतं हो.”

हे शेवटचं वाक्य बोलताना त्याला क्षणभर खरंच वाईट वाटलं. मत्सराचं हेच मोठं सोयीचं असतं, वेळ पडली की तो कळवळ्याचे कपडे घालून येतो आणि ते त्याला बसतातही.

निवेदिताबाई सज्जन होत्या आणि वादाला घाबरणाऱ्या होत्या. रविवारी ऋतुराजची फाईल त्यांच्याकडे पोचली. सोमवारी ग्रुपवर मेसेज आला, “सर्व विचार करून, काही तांत्रिक कारणांमुळे, कमलाकरकाकांची प्रिंट दाखवायचं ठरलं आहे.” दोघा-तिघांनी कारण विचारलं, उत्तर आलं नाही. सगळ्यांत पहिलं अभिनंदन ऋतुराजने केलं. “योग्य निर्णय. सरांचं नाव पायजेच.”

गोदावरीने तो मेसेज वाचला आणि फोन त्याच्या हातात परत दिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको बोलली नाही की माणसाला बरोबर ऐकू येतं.

खेळाच्या दिवशी सभागृह भरलं. चनमल्लप्पा पहिल्या रांगेत, सहकुटुंब. दिवे गेले, पडदा उजळला आणि अक्षरं आली, ‘रंगदुरुस्ती – कमलाकर जोशी, सोलापूर’. टाळ्या पडल्या. चनमल्लप्पाने मागे वळून मान डोलावली. या क्षणासाठी कमलाकर महिनाभर जगला होता, आणि तो क्षण आला तसा गेलासुद्धा, टाळीएवढा.

झगा डाळिंबी होता. बायका आपापसांत म्हणाल्या, काय रंग आहे बघ. कमलाकर सुखावला. सिनेमा पुढे सरकला. लोक हसायच्या जागी हसले, वादळात गप्प झाले. मग निरोपाचा प्रसंग आला. यान गेलं. राणी टेकडीवर उभी राहिली, डाळिंबी, लखलखीत. मागचं आकाश काळं होत गेलं आणि राणी काही काळी होईना. तिचा आवाज म्हणत होता की आता मी कुणालाच दिसणार नाही, आणि ती शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठळक दिसत होती. मागे कुणीतरी खुदकन हसलं. एका बाईने फोन काढून वेळ पाहिली. पोरंबाळं चपला शोधायला लागली. कमलाकरला वाटलं उठावं आणि सभागृहाचे दिवेच घालवावेत, पण दिवे आधीच गेलेले होते. त्या प्रसंगाला त्या हॉलमध्ये एकही माणूस रडला नाही.

बाहेर पडल्यावर लोक त्याला भेटायला येत होते. दिग्दर्शकांच्या मुलीने आभार मानले. चनमल्लप्पा म्हणाला, “जोशी, नाव काढलं की हो गल्लीचं.” आणि गर्दी पांगत आली तसा बाजूला उभा असलेला ऋतुराज पुढे आला. सोबत सृष्टी, अंगावर तीच विटकरी साडी, पीस जुळलेला.

“लई भारी झालं, सर,” तो म्हणाला. “झगा काय दिसत होता म्हणती ही. मला काय, मी आपला माना डोलावतोय.”

“तुझंही काम चांगलं होतं,” कमलाकर म्हणाला. त्याला हे म्हणायचं नव्हतं. तोंडून गेलं.

“कुठलं चांगलं.” ऋतुराजने मान हलवली. “निवेदिता मॅडम काय बोलल्या न्हाईत, पण माझ्यात कायतरी मोठी चूक घावली असणार, त्याबिगर का लावली न्हाई. मला दिसत न्हाय म्हणल्यावर चूक व्हणारच की. मला वाटायचं, आकडे बरोबर हायत म्हणजे बरोबर हाय. हिला म्हणलं, आपण आपलं अर्ज भरावं, ह्यात पडू नये. मॅडमना फोन करून फाईल काढून टाकायला लावली. माझ्याकडचीबी काढली. त्यो टाकलेला तुकडाबी ग्रुपवरनं उडवला. उगा कुणी चुकीचं बघायला नको.”

“सगळं काढलंस?”

“सगळं. दीड वर्षाचं होतं,” सृष्टी म्हणाली. “मी म्हणत हुते राहू द्या. ह्यांनी ऐकलं न्हाई.”

एक वाक्य पुरलं असतं. तुझ्यात चूक नव्हती, एवढंच. कमलाकरला ते वाक्य सबंध तयार सापडलं, जिभेवर आलेलं सापडलं. गोदावरी शेजारी उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. पण ते वाक्य बोलायचं तर त्याच्या मागचंही बोलावं लागलं असतं, फोनचं. आणि चनमल्लप्पा अजून फाटकातच उभा होता, कुणाला तरी सांगत होता, “आपल्या गल्लीतला माणूस.”

“होतं असं,” कमलाकर म्हणाला. “पुढच्या वेळी आधी मला दाखवत जा.”

गोदावरी वळली आणि एकटीच रिक्षाच्या दिशेने चालायला लागली.

“दाखवतो की, सर,” ऋतुराज म्हणाला. “डोळा तुमचा. आमचं काय.” त्याने चपला काढल्या, सृष्टीनेही काढल्या, आणि दोघं जोडीने पाया पडायला वाकली. कमलाकरने पाय मागे घेतले नाहीत.